आईच्या घागरीची पूड

भांडी शिकायला आलेल्या मुलांना मी पहिला आठवडाभर मातीला हात लावू देत नाही. आधी खापऱ्या दळायच्या. मुलं कुरकुरतात, बोटाला आलेले फोड दाखवायला येतात. मी फुंकर घालते आणि त्यांना परत पाट्यापाशी बसवते. आमच्या डोंगरातली माती एकटी असली की फार हट्टी असते. वाळताना आवळते आणि तडकते. तिच्यात फुटक्या भांड्यांची पूड मळली की नमते. म्हणून आमच्या गावात, अकोमात, फुटलेलं भांडं कोणी टाकत नाही. आज फुटलेली घागर उद्याच्या घागरीत जाते, आणि त्या फुटलेल्या घागरीतही आधीच कुणा पणजीच्या घागरीची पूड असते. हे सांगितलं की मुलं दोन मिनिटं गप्प होतात. मग पुन्हा फोड दाखवतात.

गावच्या शाळेत मी एकतीस वर्षं लहान वर्ग सांभाळले. निवृत्त झाल्यापासून दर उन्हाळ्यात पाच-सहा मुलं माझ्या अंगणात जमतात. त्या वर्षी सगळ्यात शेवटी आली ती केलीन, माझ्या थोरल्या बहिणीची, क्लेमेंटिनाची, नात. अकरा वर्षांची, उंच, खांदे पाडून चालणारी. तिचा बाप, म्हणजे ताईचा मुलगा वेंडेल, अल्बुकर्की शहरात नोकरीला असतो. सुट्टीभर त्याने तिला आजीकडे पाठवलं होतं.

"घे हिला," ताईने तिला माझ्या फाटकातून आत ढकललं. "घरात बसून नुसता फोन घासते. अंगठ्याला एवढा व्यायाम आहे, तर दळू दे."

"मी वाचत असते त्याच्यावर, आजी."

"काय वाचतेस?"

"कोण काय जेवलं ते."

मी हसले. ताई हसली नाही, पण जाताना पोरीच्या केसातलं गवत काढून गेली.

आमच्यात कूळ आईकडून येतं. केलीनची आई शहरातली, आमच्या लोकांतली नाही. त्यामुळे पोरगी आमच्या रक्ताची असली तरी आमच्या कुळाची नव्हती. हे कोणी बोलून दाखवत नसे, पण ठाऊक सगळ्यांना होतं. तिलाही.

दळायला ती चांगली होती. बाकीची मुलं वरवंटा आपटतात, ही तो सरकवायची. प्रत्येक खापरी हातात घेऊन उलटसुलट बघायची आणि विचारायची, "ही कुणाची होती?" मला ठाऊक असेल तर मी सांगायची. नसेल तर म्हणायची, "असेल कुणा चिडक्या बाईची, बघ किती जाड केलीय." तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं की मातीला हात कधी लावायला मिळेल. मी म्हटलं, शुक्रवारी. तिने ते मनगटावर पेनाने लिहून ठेवलं.

शुक्रवारच्या आधी मंगळवार आला.

आईच्या घागरीबद्दल इथे सांगायला हवं. आमच्या रीतीप्रमाणे आईचं घर धाकट्या मुलीला, म्हणजे मला, मिळालं. ताईच्या वाट्याला आईची पाण्याची घागर आली. आईने केलेल्या भांड्यांपैकी तेवढीच एक घरात उरली होती. पांढऱ्या अंगावर नारिंगी पोपट, आणि पोपटाच्या शेपटीत केसासारख्या बारीक काळ्या रेघा. ताई ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, राहते. तिथे वारं सुटलं की कपसुद्धा हलतात, म्हणून घागर माझ्याच फळीवर राहिली. चार वर्षांपूर्वी माझ्या मांजराने ती पाडली. ताईने तुकडे एकेक करून वेचले, बादलीत ठेवले, वर फडकं बांधलं. सांता फे शहरात भांडी सांधणारा एक माणूस आहे, तो येऊन जोडून देणार होता. चार वर्षं तो पुढच्या महिन्यात येत होता. मांजराशी ताई अजून बोलत नाही.

त्या मंगळवारी सकाळी मी कोठी झाडली. दोन्ही बादल्या बाहेर काढल्या, ताईची आणि दळायच्या खापऱ्यांची. ताईच्या बादलीवरचं फडकं धुळीने काळं झालं होतं, ते धुवायला टाकलं. झाडून झाल्यावर बादल्या आत सरकवल्या. कुठली कुठे ठेवली हे माझ्या लक्षात राहिलं नाही. राहिलं नाही हेही माझ्या लक्षात आलं नाही.

मुलं आली. त्यांच्यातल्या जुळ्या भावंडांपैकी एकाने मिरच्या भाजलेल्या चुलीत हात घालून तोच डोळ्याला लावला होता, आणि मी त्याचं तोंड नळाखाली धरून उभी होते. केलीनला ओरडून सांगितलं, "दाराजवळची बादली घे."

थोड्या वेळाने तिचा आवाज आला. "धाकटी आजी, ही खापरी फार सुंदर रंगवलीय. ही पण दळायची?"

पोरगा रडत होता. मी मान वळवली नाही. "सगळ्या दळायच्या," मी म्हटलं. "सुंदर भांडीही फुटतातच."

पाठ झालेलं उत्तर होतं ते. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी हे विचारतंच, आणि मी दर उन्हाळ्यात हेच सांगते.

दुपारी बारा वाजता ताई मुलांसाठी मटणाचा रस्सा घेऊन आली. पातेलं कमरेवर घेऊन ती अंगण ओलांडत होती, आणि पाट्यापाशी पोचली तशी थांबली. केलीनच्या मांडीजवळ एकच खापरी उरली होती, तळहाताएवढी. तिच्यावर पोपटाचा डोळा होता.

ताईने पातेलं जमिनीवर ठेवलं. खापरी उचलली. "बाकीच्या?"

केलीनने सुपातला ढीग दाखवला. फिकट पांढरा, मऊ. सकाळभर खपून केलेला. "बघ ना आजी," ती म्हणाली, "एकसुद्धा खडा नाही राहिला."

मी नळापासून धावत आले, पण पोचण्याआधी ताई बोलून गेली होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आमच्या घरातली असती," ती म्हणाली, "तर हाताला कळलं असतं."

केलीनने सुपाकडे बघितलं, मग ताईच्या हातातल्या खापरीकडे. तिला समजायला वेळ लागला नाही. तिने हळूच दोन्ही हात पाट्यावरून काढले, पँटला पुसले, आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या ताईच्या ट्रकमध्ये जाऊन बसली.

"ताई, मी सांगितलं तिला," मी म्हटलं. "तिने विचारलं होतं. मी न बघता सांगितलं. बादल्याही मीच हलवल्या."

"हो," ताई म्हणाली. "मांजरही तुझंच."

रस्सा ती तिथेच विसरून गेली. मुलांनी तो संपवला. मुलांना भूक कधी लागू नये हे कळत नाही, आणि ते बरंच आहे.

शुक्रवारी केलीन आली नाही. त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मी तिच्याकडे जाऊन आले होते. ती ट्रेलरच्या पायरीवर बसली होती. जुलैचं ऊन, आणि अंगात लांब बाह्यांचा शर्ट, हात बाह्यांच्या आत ओढून घेतलेले. मी शेजारी बसले.

"चूक माझी होती," मी म्हटलं. "तू विचारलंस ते बरोबर केलंस. न बघता उत्तर दिलं ते मी."

"तू सांगितलंस," ती म्हणाली. "पण दळलं मी."

"तिथे दुसरं कोणी असतं तर त्यानेही दळलं असतं."

"दुसरं कोणी नव्हतं ना. मी होते."

मी पिशवीतून ओल्या मातीचा गोळा नेला होता. तो तिच्यापुढे धरला. शुक्रवारची वाट न बघता द्यावा म्हणून. तिने बघितला, वास घेतल्यासारखं नाक जरा पुढे केलं. मग म्हणाली, "नको. सुकेल तो. परत ने."

मी परत नेला. मला एक मुलगा आठवत होता. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तो वर्गात वाचताना अडखळला, सगळे हसले, आणि मी त्यांना वेळेवर थांबवलं नाही. त्यानंतर त्याने वर्षभर मोठ्याने वाचलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. आता चाळिशीचा आहे, ट्रक चालवतो, रस्त्यात दिसला की हात करतो. मीही करते. मुलं चुकीने बिचकत नाहीत, चुका तर ती दिवसभर करत असतात. ती बिचकतात चुकीनंतरच्या एखाद्या वाक्याने. ऑगस्टच्या मध्यावर वेंडेल पोरीला न्यायला येणार होता. तोवर तिने मातीला हात लावला नाही तर पुढे कधीच लावणार नाही, हे मला पाटीवर लिहिल्यासारखं दिसत होतं. पण वाक्य माझं नव्हतं, त्यामुळे ते मला पुसता येत नव्हतं.

पूड मी पिठाच्या पिशवीत भरून कोठीत ठेवली होती. दुसऱ्या कुठल्याही मातीत ती घालायचं माझ्याने होईना.

सोमवारी सकाळी ताई आली. कॉफीही घेतली नाही, दारातच उभी राहिली.

"पोरगी पिठाला हात लावत नाही," ती म्हणाली.

"कसल्या?"

"कसल्या म्हणजे? पावाच्या. काल भट्टी पेटवली, म्हटलं मळ जरा, माझं मनगट दुखतंय. तर हात मागे. म्हणते, आजी, मी लाकडं आणते. बारा पाव मी एकटीने मळले, आणि ती लांब उभी राहून बघत होती. तिला मळायला आवडतं, फिलो. मागच्या उन्हाळ्यात पावाची कासवं करायची."

मी चुलीवरची कॉफी खाली उतरवली. बोलायचा मोह होत होता.

"बोलले ते बोलले," ताई म्हणाली. "शब्द काय परत गिळता येतो? कुठाय ती?"

"कोण?"

"आई."

मी पिशवी आणली. ताईने बोट ओलं केलं, पुडीत बुडवून जिभेवर ठेवलं आणि पुढच्या दातांनी चावून पाहिलं. बराच वेळ चावत राहिली. मला वाटलं, ही आता रडणार.

"रवा आहे हा," ताई म्हणाली. "याला दळणं म्हणतात? तू तपासलं नाहीस?"

"मला बारीक लागली."

"तुझे दात विकतचे. तुला काय कळणार, मास्तरीणबाई. उचल तो पाटा."

"पाटा? कुठे न्यायचा?"

"ती इथे येणार नाही. पाटा तिच्याकडे जाईल."

दोघींचं वय मिळून एकशे सत्तेचाळीस. फळी लावून, ढकलत, मध्ये दोनदा बसून, आम्ही तो दगड ट्रकवर चढवला. समोरचा शेजारी मदतीला येत होता, ताईने त्याला हातानेच परत पाठवलं.

ट्रेलरच्या सावलीत पाटा उतरवला. ताईने हाक मारली. केलीन दारात आली, पाटा बघितला, आणि पिशवीही. तिचे हात लगेच बाह्यांत गेले.

"इकडे ये," ताई म्हणाली. "जीभ काढ."

"का?"

"काढ म्हटलं ना."

ताईने चिमूटभर पूड तिच्या जिभेवर ठेवली. "आता दात फिरव. काय लागतंय?"

केलीनने डोळे मोठे केले. तोंडात काय आहे ते तिला कळलं होतं. "कचकच," ती हळू म्हणाली.

"कचकच. ही अशी मातीत घातली तर आगीत प्रत्येक खड्याला फोड येतो. तुझ्या पणजीचं एक भांडं एकदा असं फुटलं, तर आठवडाभर ती कोणाशी बोलली नव्हती. आता तिलाच फोडणार आहेस का? बस. परत दळ."

"मी हात नाही लावणार."

"मग मी दळू? माझे गुडघे बघ."

"धाकटी आजी दळेल."

"तिचे दात खोटे आहेत."

केलीन हसली नाही. पायाने माती उकरत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "मी तुमच्या घरातली नाही. तूच म्हणालीस."

ताई पालथ्या बादलीवर बसली, गुडघ्यांवर हात ठेवून.

"म्हणाले," ती शेवटी म्हणाली. "माझ्या आईचं भांडं गेलं होतं, आणि जवळ तू होतीस. मांजर असतं तर मांजराला म्हणाले असते." तिने गुडघा चोळला. "कुळाची नाहीस, ते खरंच आहे, ते काही मी बदलू शकत नाही. पण तुझा बाप माझ्या पोटचा. बापाकडच्या बायकांनी पोरीला काम सांगायचं असतं. तुझ्या बापाच्या आत्यांनी त्यालाही छळलंय, विचार त्याला. ही माझी आई आहे, केलीन. ती मी दुसऱ्या कोणाला दळायला देणार नाही. तुला सांगतेय."

पोरगी उभीच होती. ट्रेलरच्या पत्र्यावर ऊन कडकड वाजत होतं. मग तिने एक बाही कोपरापर्यंत सरकवली, नंतर दुसरी, आणि पाट्यापाशी बसली. वरवंट्यावर हात ठेवताना तिने डोळे मिटून घेतले, थंड पाण्यात पाय घालताना मिटतात तसे.

मला म्हणावंसं वाटलं, शाब्बास. ताईने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी गप्प राहिले. एकतीस वर्षांत एवढं अवघड काम मी केलं नव्हतं.

तीन वेळा दळून झालं. दर वेळी ताई चावून बघायची आणि मान हलवायची. चौथ्या वेळी जुन्या मोज्याच्या कापडातून चाळली आणि तिघींनी चाखली. माझंही मत घेतलं, हे इथे नोंदवून ठेवते. मग ताई म्हणाली, "फिलो, त्या सांता फेच्या माणसाला फोन कर. येऊ नको म्हणावं."

"काय कारण सांगू?"

"सांग, भांडं सध्या ओलं आहे."

मी तसंच सांगितलं. तो म्हणाला की पुढच्या महिन्यात त्याला तसंही जमणार नव्हतं.

माती मळली ती केलीननेच. आधी मुठींनी, मग ताडपत्रीवर पसरून पायांनी. पूड किती घालायची याला माप नाही. माती बोटांत धरायची, आणि पुरे झालं की ती सांगते. ताई म्हणत होती अजून, मी म्हणत होते पुरे. केलीनने दोघींचं ऐकलं आणि अजून अर्धी मूठ घातली. बरोबर पडली. दोन आठवडे ती रोज आली. कधी ताईच्या ट्रेलरपाशी, कधी माझ्या अंगणात. मातीच्या वळ्या एकावर एक लावून वाडगा उभा केला, भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्याने भिंत ओढून पातळ केली. तो दोनदा बसला, दोनदा तिने नव्याने उभा केला. वाळल्यावर घासला, पांढऱ्या मातीचे पाच हात दिले, दगडाने घोटला. युक्काच्या काटेरी झुडपाचं पान चावून कुंचला ताईने करून दिला. एवढं एक काम तिने कोणाला करू दिलं नाही. पोपट काढायला केलीन तयार झाली नाही. तिने काठापासून तळापर्यंत काळ्या रेघा ओढल्या, पावसाच्या. त्यातल्या चार सरळ होत्या.

वेंडेल शनिवारी येणार होता. मंगळवारी पहाटे वारा पडलेला असताना आम्ही वाडगा भाजायला ठेवला. खाली खापऱ्या, वर खापऱ्या, सगळीकडून गोवऱ्या. गोवऱ्या पेटल्या की तिथे बोलायचं नसतं, बोललं तर आग बिघडते असं आई म्हणायची. तिघी गप्प बसलो. मला ते जमतं आता.

राख निवल्यावर ताईने काठीने खापऱ्या बाजूला केल्या. वाडगा पांढरा निघाला होता, एका अंगाला धुराचा पिवळा डाग. ताईने तो फडक्यात घेतला, फुंकर मारली आणि काठावर नखाने टिचकी मारली. चांगलं भाजलेलं भांडं घंटेसारखं वाजतं. हे मेलेलं वाजलं, लाकडासारखं.

तिने पुन्हा टिचकी मारली. तोच आवाज. मग मलाही दिसली. काठापासून खाली, पावसाच्या रेघांमधली एक रेघ केलीनने काढलेली नव्हती.

मी पोरीच्या हातांकडे बघितलं. ते बाह्यांत जातात का, तेवढंच बघत होते. अंगात बिनबाह्यांचा शर्ट होता, पण हात लपवायचे ठरवलं तर पोरांना खिसेही पुरतात.

केलीनने वाडगा ताईच्या हातातून घेतला. स्वतः टिचकी मारून ऐकली. भेगेवरून बोट फिरवत खालपर्यंत नेलं, जिथे ती संपत होती तिथपर्यंत.

"इथे वळी नीट दाबली नव्हती मी," ती म्हणाली. "तेव्हा फोन वाजला होता."

"मी सांगत होते," ताई म्हणाली.

"माती अजून किती उरलीय?"

"दोन वाडग्यांपुरती असेल," मी म्हटलं.

"मग उद्या सहाला येते."

"शनिवारी तुझा बाप येतोय," ताई म्हणाली. "चार दिवसांत वाडगा वाळतसुद्धा नाही."

"वाळवायला तुम्ही दोघी आहात ना," केलीन म्हणाली, आणि राखेतल्या खापऱ्या एकेक उचलून, फुंकून, बादलीत भरू लागली.